बेडकीचा पिस्टन

१२ ऑगस्ट

पुन्हा गेला! तिसऱ्यांदा! नवा पिस्टन, नव्या रिंगा, लेथवाल्याकडून ताजं बोअर करून आणलेला सिलिंडर — आणि आज बेडकीला दोरी बांधून ओढत आणावं लागलं. गुरांच्या डॉक्टरीणबाई स्वतः ट्रॅक्टरवर बसून मागे वळून वळून बघत होत्या, जणू आजारी जनावरच आणतायत.

बेडकी हे नाव माझंच. त्यांची ती हिरवी एटीव्ही, चार फुगीर चाकांची, खड्डा आला की टुणकन उडते. वर माळावर रस्ता संपतो आणि गोठे सुरू होतात, तिथे दुसरं काही पोचत नाही. बेडकी बंद म्हणजे वरच्या गाई-म्हशी देवाच्या भरवशावर.

हेड उघडलं. पिस्टनच्या एकाच अंगाला, सायलेन्सरच्या बाजूला, लांब ओरखडे. रिंग खाचेत चिकटलेली. मागच्या दोन्ही वेळी हेच. अगदी हेच! आणि प्लग पांढराफटक.

दीर दारात, हाताची घडी घालून. ‘वहिनी, पिस्टन बसवता की बिस्किट?’ गिऱ्हाइकांसमोर! दोघं जण हसलेही. भावजींना आयुष्यात साधी सायकलची चेन चढवता आली नाही. उंटावरून शेळ्या हाकायला मात्र पुढे.

आणि मग बाबा. माझे सासरे, माझे गुरू, सगळ्यांचे उस्ताद. पिस्टन हातात घेऊन फिरवला, अंगठ्याने ओरखडे चाचपले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भावजींना म्हणाले, ‘आणखी एकदा गेला तर शटर ओढू. तुझं ते फरश्यांचं दुकान टाक. ही बसेल घरी.’

१३ ऑगस्ट

नाही बसणार.

१४ ऑगस्ट

सकाळपासून तेलाच्या मागे लागले. टू-स्ट्रोकला वेगळं तेल मिळत नाही, पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं तेवढंच. ते कमी पडलं की पिस्टन कोरडा घासतो आणि जाम होतो. म्हणून पहिला संशय डॉक्टरीणबाईंवर. त्या घाईच्या बाई, ओतलं असेल अंदाजपंचे!

टाकीतलं पेट्रोल बरणीत काढून, आपल्या मिसळलेल्या पेट्रोलशेजारी उजेडात धरलं. रंग तोच, चिकटपणा तोच. बाईंनी औषधाच्या मापाने मोजून घातलंय. झाला का पोपट!

स्पेअरपार्टवाल्याला फोन केला. ‘माल नकली तर नाही ना?’ तो उखडला. ‘ताई, याच कंपनीचे पिस्टन तुम्ही स्कूटरला घालता, औषधाच्या फवाऱ्याला घालता, तिथे बरे चालतात! नाचता येईना अंगण वाकडं!’ फोन आपटला त्याने. त्याचं बरोबर होतं म्हणून जास्त राग आला.

१९ ऑगस्ट

डॉक्टरीणबाई आल्या होत्या, बेडकीच्या डिकीत राहिलेली बॅग न्यायला. सध्या वरच्या गोठ्यांवर चालत जातात. परवा एका गाईचं वासरू आडवं आलेलं, या पोचेपर्यंत उशीर झाला. गाय वाचली. वासरू नाही. त्यांनी मला दोष दिला नाही, नुसतं सांगितलं. दोष दिला असता तर बरं झालं असतं.

निघताना बूट झाडत म्हणाल्या, ‘एक सांगू का? हसू नकोस. ती चढावर कधीच बंद पडत नाही गं. तिन्ही वेळा उतारावरच पडली. आरामात खाली येत असते मी, अंगठा थ्रॉटलवरून काढलेला, आणि एकदम घर्र करून मागची चाकं घट्ट.’

बाबा आतून ओरडले, ‘उतारावर इंजिनाला कसला आलाय भार? बाईंना काय कळतं!’

मी हसले नाही. जाम व्हायचं तर चढावर व्हावं, ओझं तिथे असतं. मग उतारावर का? दिवसभर तेच डोक्यात. नवऱ्याला सांगितलं जेवताना. तो शाळेत भूगोल शिकवतो. म्हणाला, ‘उतार किती अंशाचा आहे?’ धन्य!

२३ ऑगस्ट

आता खरा संशय — हवा. क्रँकच्या टोकांना रबरी सील असतात. एखादं चिरलं की इंजिन चोरून हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, पेट्रोल कमी, म्हणजे तेलही कमी. पांढरा प्लग तेच सांगतोय. पण डोळ्याने गळती दिसत नाही. हवा भरून बघावी लागते.

त्याचं यंत्र आपल्याकडे नाही. बाबा म्हणतात, ‘यंत्र कशाला? कान आहे ना.’ आमच्या दुकानात सगळं कानावर. बाबा लांबून गाडीचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय की क्लच, ते सांगायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा चहा घेऊन दुकानात यायचे आणि तिथेच रेंगाळायचे. एकदा बाबा म्हणाले, ‘ऐक. आता चांगली वाजतेय की वाईट?’ मी म्हटलं वाईट. ‘का?’ म्हटलं, माहीत नाही, दातावर दात घासल्यासारखं वाटतंय. त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि माझ्या हातात पाना दिला. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी डोक्याला हात लावला होता.

असो. कानाने हवेची गळती कळत नाही. मी यंत्र करणार.

२७ ऑगस्ट

केलं! डॉक्टरीणबाईंकडून रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि घड्याळ आणलं. ट्यूब कापून तिची बुचं केली, एक कार्ब्युरेटरच्या तोंडाला, एक सायलेन्सरच्या. पट्ट्या लावून बोल्ट आवळले. प्लगच्या जागी नळी. फुगा दाबत गेले, काटा चढला. साबणाचं पाणी सगळीकडे फासलं आणि उकिडवी बसून राहिले.

भावजी डोकावले. ‘वहिनी, बीपी किती आलं? मीठ बंद करा तिचं.’ एवढ्या दिवसांत हा एक विनोद बरा केला माणसाने. हसू आलं, पण दाखवलं नाही.

काटा हलला नाही. एक बुडबुडा नाही. बेडकी बाटलीसारखी बंद आहे. म्हणजे सील चांगली, गॅस्केट चांगलं, माझी बांधणी चांगली! ओरडावंसं वाटलं रस्त्यावर जाऊन. आणि लगेच — मग चूक कुठे आहे?

३१ ऑगस्ट

लिहायला लाज वाटते, पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

मी गाडी बांधते तेव्हा चाचणीत प्लग छान विटकरी येतो. ती माळावरून परत येते तेव्हा पांढरा. म्हणजे माझा हात सुटल्यावर आणि ती उतारावर बंद पडण्याआधी मध्ये काहीतरी बदलतं. आपोआप तर बदलणार नाही. कुणीतरी बदलतंय.

कोणाला हवंय शटर ओढलेलं? कोणाकडे दुकानाची किल्ली आहे? कोण परवा फरशीचे नमुने बाबांच्या पलंगावर मांडून बसलं होतं?

भावजी आळशी आहेत, तोंडाळ आहेत. पण असे आहेत? नवऱ्याला विचारायची सोय नाही. भावाचा विषय काढला की तोंडात मूग.

पकडणार आहे मी. रंगेहाथ!

६ सप्टेंबर

बेडकी बांधून झाली. चौथा पिस्टन. बोअर मी स्वतः लेथवाल्याच्या छातीवर बसून मोजून घेतला. सिलिंडरमधल्या, पेट्रोल-धूर ये-जा करतात त्या खिडक्यांच्या कडा कानशीने मऊ केल्या. चाचणी घेतली, प्लग विटकरी.

मग पेटीतून लाल नेलपॉलिश काढलं. लग्नातलं! अजून ओलं होतं. पेट्रोल सोडणारा जेट, टाकीचं झाकण, कार्ब्युरेटरचे स्क्रू, प्लगची टोपी, सगळ्यावर एकेक बारीक रेघ, अर्धी स्क्रूवर, अर्धी अंगावर. कुणी काही फिरवलं की रेघ तुटणार.

संध्याकाळी शेवटचा हात. दुकानाची ही पद्धत बाबांच्याही गुरूंपासूनची. गाडी कुणीही बांधो, बाहेर पडण्याआधी हवेचा स्क्रू उस्तादच लावणार. इंजिन सुरू, सगळे गप्प, बाबा उकिडवे बसून स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. त्या वेळी बोलायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही. बेडकीला धड हँडब्रेक नाही, म्हणून मी वर सीटवर बसून ब्रेक आवळून धरला होता. बाबा खाली माझ्या पायाशी. बराच वेळ लावला आज. आवाज चढत गेला, शेवटी शिट्टीसारखा पातळ वाजायला लागला. मला जरा कोरडाच वाटला. पण उस्तादांच्या कानापुढे मी कोण! त्यांनी हात वर केला, मी चावी बंद केली.

उद्या दुपारी बाई गाडी न्यायला येणार.

७ सप्टेंबर

सकाळी सगळ्यांच्या आधी दुकानात. रेघा तपासल्या. टाकी — जशीच्या तशी. जेट तसाच. प्लगची टोपी तशीच.

हवेच्या स्क्रूची रेघ तुटलेली.

हरखले! सापडला चोर! आणि मग माझं मलाच हसू आलं. तो तर बाबांनी फिरवलेला. माझ्या पायाशी बसून, माझ्यासमोर. त्यात काय विशेष?

विशेष हे, की केसभर नाही. आत घट्ट करून मोजला. मी ठेवला होता त्याहून दीड फेरा जास्त बाहेर. दीड फेरा!

हा स्क्रू जितका बाहेर, तितकी हवा जास्त आणि पेट्रोल कमी. आणि तो फक्त थ्रॉटल सोडलेला असताना काम करतो. चढावर अंगठा दाबलेला, पेट्रोल मोठ्या जेटने भरपूर येतं, काही होत नाही. उतारावर अंगठा काढला, चाकं इंजिनाला गरागरा फिरवतायत, आणि प्यायला फक्त या स्क्रूमधून येईल तेवढंच. तेवढ्यात तेल कुठलं आलंय! घर्र — जाम.

उतार! बाईंनी सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही.

स्क्रू पुन्हा त्यांच्या जागी नेऊन आवारात हळूहळू फिरवली, प्लग काढला. पांढरा. स्क्रू माझ्या जागी आणला, पुन्हा फिरवली. विटकरी.

मी बेडकीच्या चाकाला टेकून खाली बसले. चोर पकडायला निघाले होते. भावजींची मनातल्या मनात माफी मागितली. तोंडावर मागणार नाही, डोक्यावर मिरी वाटतील.

बाई आल्या. मी स्क्रू माझ्या जागीच ठेवून गाडी दिली. बाबांना काही बोलले नाही. आज पहिल्यांदा शेवटच्या हातावर कुणीतरी हात फिरवला.

१९ सप्टेंबर

बेडकी चालतेय! बाई रोज वर जातात, रोज बसून परत येतात. आज हॉर्न वाजवत दुकानासमोरून गेल्या.

दुपारी कॉम्प्रेसरचा पाइप चिरला. इतकी शिट्टी की पलीकडचा केशकर्तनवाला कानात बोटं घालून बाहेर आला. बाबा कॉम्प्रेसरला पाठ लावून बसले होते. मी विचारलं, ‘बाबा, पाइप गळतोय का हो?’ ते शांतपणे म्हणाले, ‘छे. गळला असता तर मला ऐकू आलं नसतं का?’

मी पाइप बदलला. आत जाऊन तोंड धुतलं. रडू आवरेना.

४ ऑक्टोबर

आज डॉक्टरीणबाई सर्व्हिसिंगला आल्या. दुकानात गिऱ्हाइकं बसलेली. म्हणाल्या, ‘यावेळी इंजिन अगदी लोण्यासारखं!’ माझ्याकडे बघून म्हणाल्या, मी ऐकलंय.

बाबा म्हणाले, ‘शेवटचा हात नीट बसला यावेळी. बांधणारा कच्चा असला की मला फार सांभाळून घ्यावं लागतं.’

भावजी, ‘म्हणजे उस्ताद होते म्हणून. वहिनींचं काही खरं नाही.’

सगळे हसले. बाबासुद्धा हसले.

बाबांनी बेडकीजवळ बसून पुन्हा स्क्रूला हात घातला. मी वर, ब्रेकवर. आवाज चढत गेला. ते चहाला उठले तसा स्क्रू पुन्हा आत घेतला, चोरासारखा. माझ्या दुकानात, माझ्या इंजिनावर, मी चोर!

५ ऑक्टोबर

नाही. हे नाही चालायचं. त्यांचा मान राखायचा म्हणून मी जन्मभर कच्ची राहू? आणि मी आजारी पडले, गावाला गेले, तर? बाई एकदा उतारावर चाकं अडकून उलटल्या तर तो मान कुठे ठेवायचा?

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला दुसरं कुणी येणार नाही. मीच बांधणार.

१० ऑक्टोबर

बोलले.

भावजी बाहेर गेलेले, गिऱ्हाईक नाही, अशी वेळ बघितली. चारचौघांत बाबांनी मला कच्ची म्हटलं, पण मी ते चारचौघांत करणार नाही. बेडकी पंक्चरला आलेलीच होती. सुरू केली, स्क्रू दीड फेरा बाहेर काढला. कसली कर्कश शिट्टी! चेहरा कोरा ठेवून बाबांना म्हटलं, ‘सांगा बाबा, कशी वाजतेय?’

त्यांनी मान तिरपी केली. ‘झकास.’

मी बेडकी बंद केली आणि सगळं सांगितलं. रेघ, दीड फेरा, उतार, पांढरा प्लग. तिन्ही पिस्टन त्यांच्यासमोर बाकावर मांडले. आवाज चढला माझा, चढू दिला. म्हटलं, ‘बाबा, तुमचा कान गेलाय. बोलणं येतं ऐकू, शिट्टीसारखा बारीक आवाज येत नाही. माझी बांधणी कच्ची नव्हती. एकदाही नव्हती!’

वाटलं होतं ओरडतील. हळूच बोलले. ‘मग बाकीच्या गाड्या? स्कूटरी, फवारे, पाण्याचे पंप? सगळ्यांना हाच हात लागतो ना? त्यातली एक तरी जाम झाली? बोल!’

एकही नाही झाली. ते खरं आहे.

‘आधी उत्तर शोध. मग माझे कान काढ,’ म्हणाले आणि घरी गेले. चप्पल इथेच राहिली.

११ ऑक्टोबर

चप्पल घरी नेऊन दिली. त्यांनी पायानेच पलंगाखाली सरकवली.

१३ ऑक्टोबर

भावजींनी फरशीवाल्याला आणलं. मोजपट्टी घेऊन माझ्या बाकाची लांबी मोजत होता. मी बाकावर चढून बसले. म्हटलं, ‘माझ्यासकट मोजा.’ गेला बिचारा. भावजी म्हणाले, ‘वहिनी, बाबांनीच सांगितलंय. तुम्ही त्यांना असं काय बोललात? दोन दिवस धड जेवले नाहीत.’ त्यांचा चेहरा खरंच उतरला होता. मलाही कसंतरी झालं. पण उतरले नाही बाकावरून.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर सापडत नाही. तोच हात, तोच कान. स्कूटर बरोबर लागते आणि बेडकी चुकते. का? स्कूटरींचे स्क्रू तपासले सगळे. केसभरही चूक नाही! ऐकू येत नसलेल्या माणसाने लावलेले? मीच चुकतेय का?

पण पांढरा प्लग माझ्या डोळ्यांनी बघितलाय. सुतार म्हणतात तसं — लाकूड खोटं बोलत नाही, काटकोन मापायचा गुण्या बोलतो. मी मागे घेणार नाही एक शब्द. दुकान गेलं तरी नाही.

१७ ऑक्टोबर

बाबा आले. दाढी वाढलेली. भावजींना म्हणाले, ‘फरशीवाल्याला सांग, नको येऊस.’ माळीबुवांचा फवारा बाकावर शेवटच्या हाताला तयार होता. बाबांनी सुरू केला, खाली बसले, स्क्रूड्रायव्हर घेतला. मी बाजूला सरायला लागले तर म्हणाले, ‘सरू नको. समोर उभी राहा, रोजच्यासारखी. बेडकीच्या वेळी तू माझ्या डोक्यावर बसतेस, तुझं तोंड दिसत नाही. बाकीच्यांना दिसतं. तुझी आठी गेली की मी थांबतो. बरीच वर्षं झाली.’

मी समोर उभी राहिले. फवारा कोरडा वाजत होता. मी कपाळाला आठी घातली.